घराण्याला न चालणारं इंजेक्शन

व्यक्तीचे वर्णन पुढीलप्रमाणे. स्त्री, विवाहित. व्यवसाय: दातांची डॉक्टर. उंची: समोरचा माणूस खुर्चीत आडवा झाल्यावर पुरेशी. आवाज: खालच्या पट्टीतला. ओळखखूण: कामाच्या वेळी उजवी मूठ बऱ्याचदा मिटलेली, आत काय आहे असे विचारल्यास उघडून दाखवते. सवयी: टोचण्यापूर्वी सांगते, टोचल्यावर थांबते. तक्रारी: फार थांबते. सासरची मंडळी: नवरा एक, सासरे एक, आतेसासू एक (वेगळ्या राहतात). विशेष शेरा: सासरच्या घराण्यास भुलीचे इंजेक्शन चालत नाही. सदर बाब साठ वर्षे निर्विवाद.

माणसाचं असं वर्णन करण्याची पद्धत तिच्या सासऱ्यांची. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभी हयात दुकानादुकानातले तराजू तपासण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर तराजू मिळेनात म्हणून त्यांनी माणसं तपासायला घेतली. गल्ली त्यांना निरीक्षकसाहेब म्हणते, सून बाबा म्हणते, आणि त्यांची थोरली बहीण आक्का त्यांना सत्तरीतही 'छोट्या' म्हणते. मुलाने लग्नाआधी मुलगी दाखवायला घरी आणली, तेव्हा "कशी वाटली?" या प्रश्नावर त्यांनी "तूर्त हरकत नाही" असा शेरा दिला. त्या घरात एवढी स्तुती त्याआधी कुणाची झाली नव्हती.

हरकत खरं तर मुलाला होती, आणि ती स्वतःबद्दल होती. मुलगा शाळेत भूगोल शिकवतो, सरळ माणूस. लग्न ठरायच्या बेताला आलं तेव्हा तो तिला म्हणाला, "आमच्या घरातली एक गोष्ट तुला आधीच सांगायला हवी." तिने मन घट्ट केलं. वेड, फेफरं, पळून गेलेला काका, काहीही असू शकत होतं. तो म्हणाला, "आमच्या घराण्याला भुलीचं इंजेक्शन चालत नाही."

"कुणाला काय झालं होतं?"

"आक्काआत्या. लहानपणी टोचलं आणि कोसळली. मरता मरता वाचली म्हणतात."

"आणि तुला?"

"मला कधी टोचलंच नाही. मी दिवसातून तीनदा दात घासतो."

हे खरं होतं. त्या घरातल्या सगळ्यांचे दात पाहण्यासारखे होते. भीतीने माणूस बिघडतो असं आपण ऐकतो; या घरात भीतीने हिरड्या सुधारल्या होत्या. तिने लग्न केलं, आणि घराण्याची ती गोष्ट मनाच्या कोपऱ्यात ठेवून दिली. डॉक्टर माणसं अशा गोष्टी फेकून देत नाहीत. कधी लागतील सांगता येत नाही.

तिचा दवाखाना घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, कठडा घासून गुळगुळीत झालेला. वर जाणाऱ्यांनी तो घट्ट धरलेला असतो, त्याचा परिणाम. बाहेरच्या खोलीत दोन बाकडी आणि एक पंखा. आत खुर्ची, दिवा, वजनाचा काटा, आणि एक खिडकी, जिच्यातून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसतात. ही खिडकी तिने मुद्दाम खुर्चीसमोर ठेवली आहे. माणसाला बघायला काहीतरी हवं, आणि सुई हे बघण्यासारखं नव्हे, असं तिचं मत.

तिच्या मिटलेल्या मुठीत औषधाची इवलीशी काचेची नळी असते. गार औषध हिरडीत गेलं की जास्त झोंबतं, म्हणून ती ते तळहातात धरून कोमट करते. आधी हिरडीवर बोटाने मलम चोळते, ते चढेपर्यंत तुम्ही काय खाल्लंत, कुठल्या गोळ्या चालू आहेत, पूर्वी कधी टोचल्यावर काय झालं, हे विचारते. उपाशी आलात तर खाली पाठवते. घड्याळवाल्याच्या शेजारी चहाबिस्किटाची सोय आहे. मग म्हणते, "आता टोचते," आणि खरोखर तेव्हाच टोचते, आधी नाही आणि नंतर नाही. सुई आत गेल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून बघते, रक्त तर येत नाही ना. रक्तवाहिनीत शिरलेली सुई तिला चालत नाही. मग औषध इतकं सावकाश सोडते की माणसाला वाटावं बाई विसरल्या. आणि मग थांबते. दिवा बाजूला करते, हत्यारं झाकून ठेवते, स्टुलावर बसते आणि गप्पा मारते. डावा हात वर केला की काम बंद, हा तिथला एकमेव कायदा.

"बाई," खालचा घड्याळवाला एकदा खुर्चीत म्हणाला, "तुमच्याकडे दात काढायला कमी आणि वाट बघायला जास्त वेळ जातो."

"वाट मी बघते. तुम्ही नुसते बसा."

"माझं दुकान आहे खाली."

"मग तुम्हाला तर वेळेचं कळायला हवं."

घड्याळवाल्याची दाढ निघाली तेव्हा तो गच्चीवरच्या चादरी मोजत होता, आणि दाढ ट्रेमध्ये पडल्यावर त्याने विचारलं, "सुरू कधी करणार?" हे वाक्य तिने इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की ती आता त्यावर हसतही नाही, नुसती ट्रे पुढे करते.

अशी ही बाई सासरी मात्र कुणाच्या तोंडाला हात लावू शकत नव्हती. सासऱ्यांचा पराक्रम आड येत होता.

पराक्रम असा. निरीक्षकसाहेबांनी आयुष्यात तीन दाढा भूल न घेता काढून घेतल्या होत्या. पहिली वयाच्या नवव्या वर्षी, आक्का कोसळली त्याच दिवशी, त्याच खुर्चीत. पुढच्या दोन मोठेपणी. तेव्हा रुग्णाने हट्ट धरला की ऐकणारे डॉक्टर मिळत. घरी कुणी नवीन माणूस आला की चहाचा कप खाली ठेवून साहेब गोष्ट सांगत. खुर्चीचा हात कसा करकरला, डॉक्टरला कसा घाम फुटला, आणि स्वतः त्यांनी कसा ब्र काढला नाही. "वेदना ही मोजता येत नाही," असं ते शेवटी म्हणत, "म्हणून तिला प्रमाण मानू नये." वजनमाप खात्यातल्या माणसाने यापेक्षा मोठा तत्त्वविचार करावा अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती.

आणि मग त्यांची चौथी दाढ उठली.

पहिले काही दिवस त्यांनी ती लपवली. जेवताना घास उजवीकडे न्यायला लागले, गार पाणी बंद केलं, आणि 'हवा बदलली आहे' म्हणून गळ्याला मफलर गुंडाळला. टेबलाच्या पलीकडे बसलेली सून हे सगळं बघत होती, आणि आपण बघत नाही असं दाखवत होती. शेवटी मफलरही कमी पडला. डावा गाल सुजून वर आला आणि साहेबांचा चेहरा एका बाजूने ओळखीचा राहिला नाही.

"बाबा, दवाखान्यात चला."

"तपासणीपुरता येतो," साहेब म्हणाले. "कारवाई नको."

तपासणीत दिसायचं ते दिसलं. खालची शेवटची दाढ मुळापासून गेली होती आणि खाली पू साठला होता. तिने हिरडी दाबून बघितली, तोंड किती उघडतं ते बघितलं, गिळताना त्रास होतो का विचारलं.

"दाढ काढायला हवी," ती म्हणाली. "आधी गोळ्या देते, सूज उतरवू. पण गोळ्यांनी दाढ बरी होणार नाही. तशीच ठेवली तर हा पू जबड्याखालून गळ्याकडे उतरू शकतो, आणि तिथे गेला तर श्वासाशी गाठ आहे. मग माझ्या दवाखान्यात नाही, मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल."

"काढ की मग. माझी ना नाही. तीन निघाल्या तशी चौथी."

"त्या दुसऱ्या डॉक्टरांनी काढल्या. मी भूल न देता काढत नाही."

"आमच्या घराण्याला..."

"माहीत आहे. म्हणूनच इस्पितळात आधी तपासून घेऊ म्हणते. कातडीखाली थेंबभर देऊन बघतात."

"म्हणजे टोचतातच ना?"

"टोचतात."

"मग हरकत कायम," साहेब म्हणाले आणि मफलर गुंडाळून जिना उतरले.

त्यांनी दुसरे डॉक्टर करून बघितले. पहिल्याने भूल न देता काढायला नकार दिला. दुसऱ्याने विचारलं, "तुमच्या घरातच डॉक्टर आहे ना?" हा प्रश्न साहेबांना मर्यादेचा भंग वाटला. गोळ्यांनी सूज अर्धी उतरली, पण ठणका राहिला. झोप गेली. दिवसा ते आरामखुर्चीत गालाला हात लावून बसू लागले, आणि कुणी विचारलं तर "विचाराधीन आहे" म्हणू लागले. त्यांच्या सुनेला विचार एवढाच होता की गोळ्या संपेपर्यंत हा माणूस खुर्चीत बसायला हवा. गोळ्यांनी वेळ मिळतो. तो वाया गेला की सूज परत येते, आणि दुसऱ्या खेपेला ती आधीच्या मापाने येत नाही.

नवऱ्याने स्वयंपाकघरात तिला गाठलं. "ऐक ना. बाबांना सांग, ताकदीचं इंजेक्शन आहे. जीवनसत्त्वाचं. आणि टोच."

"नाही."

"कळणार कसं त्यांना?"

"ओठ बधीर झाल्यावर कळेल. आणि नाही कळलं तरी मला कळेल. मी दिवसभर लोकांना 'आता टोचते' म्हणते, ते डोळे मिटून खुर्चीत पडतात. ते कशाच्या जोरावर? उद्या हेच बाबा गल्लीत सांगतील, सून खोटं सांगून टोचते. खरंच असेल ते."

"पण तुला काय वाटतं, चालत नसेल त्यांना?"

"खरी ॲलर्जी फार क्वचित कुणाला असते. लोक कोसळतात ते बहुतेक भीतीने, नाहीतर रिकाम्या पोटी. पण मला वाटण्यावर मी टोचत नाही." तिने गॅस बंद केला. "साठ वर्षांत आक्कांना कुणी नीट विचारलं आहे का, तेव्हा नेमकं काय झालं?"

नवऱ्याने आठवून बघितलं. आक्काआत्या मरता मरता वाचली हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जिला ठाऊक असायला हवं तिला विचारायची गरज कुणालाच पडली नव्हती.

आक्का दोन रस्ते सोडून एकटी राहते. एक खोली, एक रेडिओ, आणि खिडकीत मिरचीचं रोप, ज्याला ती मुलासारखं रागावते. वय ऐंशीच्या आसपास. पुढचे चार दात शिल्लक, बाकीचे "आपले आपण गेले". सून आली तशी आक्काने रेडिओ लहान केला. बंद केला नाही.

"छोट्याचं काय ठरलं?"

"ठरत नाही. आक्का, मला तुमची ती गोष्ट सांगा. डॉक्टरकडची."

"त्यात काय सांगायचं? टोचलं आणि मी पडले."

"पडल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या? खाज? गळा आवळल्यासारखं झालं?"

"नाही गं. जाग आली तर मी जमिनीवर, वर पंखा, आणि वडील डॉक्टरांवर ओरडताहेत."

"टोचलं होतं कुठे? वर की खाली?"

आक्काने तोंडात जीभ फिरवून बघितली, जणू सुईचं भोक अजून असेल. "ते नाही आठवत."

"बरं. शुद्धीवर आल्यावर काय केलंत?"

"पाणी दिलं कुणीतरी. पेलाभर प्यायले. मग बिस्किट दिलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, वडील म्हणाले होते दात काढायला उपाशी जावं. तीन बिस्किटं खाल्ली."

"पाणी सांडलं?"

"सांडेल कशाला? मी काय तान्हं बाळ होते? सतरा-अठराची होते."

"ओठ जाड वाटला? आपला नाही असा? बिस्किट चावताना गाल चावला?"

"काही नाही. चांगली लागली बिस्किटं."

सून हळूच म्हणाली, "आक्का, ते इंजेक्शन दिलं की ओठ, जीभ, अर्धा जबडा दोन-तीन तास आपला राहत नाही. पाणी कोपऱ्यातून गळतं. चावायला गेलं तर स्वतःचाच गाल चावला जातो. मी तर माणसांना बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ नका म्हणून बजावून पाठवते. तुम्ही पेलाभर पाणी प्यायलात आणि तीन बिस्किटं खाल्लीत."

आक्काने रेडिओ बंद केला.

"डॉक्टरांनी सुई उकळत ठेवली होती," ती म्हणाली. "पातेल्यात. झाकण काढलं तशी वाफ आली. मग त्यांनी ती वर धरली आणि टोकाशी एक थेंब आला. तो थेंब मी बघत होते. मग पंखाच."

"म्हणजे टोचायच्या आधी."

"मला सगळ्यांनी सांगितलं गं, इंजेक्शनने झालं. वडिलांनी पडद्याआडून बघितलं: डॉक्टरांच्या हातात सुई, मी खाली. डॉक्टर काहीतरी सांगत होते, पण वडील ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. मी म्हटलं, एवढी सगळी म्हणताहेत तर टोचलं असेल." मग तिचा चेहरा बदलला. "आणि माझ्या मागून छोट्याचा नंबर होता."

आक्काने उठून मिरचीच्या रोपाला पाणी घातलं.

"ओरडला नाही हं तो," आक्का म्हणाली. "ते सांगतो ते खरं आहे. मी शेजारी बसले होते, माझं बोट धरून ठेवलं होतं त्याने. हे बघ." तिने डाव्या हाताची करंगळी पुढे केली. ती अजूनही जरा बाहेर वळलेली आहे. "मी पण ओरडले नाही. म्हटलं, तो नाही ओरडत तर मी काय ओरडू?"

"हे त्यांना तुम्हीच सांगायला हवं."

"मी? तो मला तपासेल!"

तपासलंच. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का घरी आली आणि चहा यायच्याही आधी म्हणाली, "छोट्या, मला टोचलंच नव्हतं."

साहेबांनी गालावरचा हात काढला. "कशावरून?"

"पाणी सांडलं नाही."

"हा पुरावा आहे?"

"तुझ्या सुनेला विचार. ती म्हणते, आहे."

"साक्षीदार?"

"डॉक्टर मेले, वडील गेले. उरले मी आणि तू. तू बाहेर बाकावर पाय हलवत बसला होतास."

साहेबांनी उलटतपासणी घेतली. सुई कुठल्या हातात होती, थेंब पडला की नुसता आला, पेला किती मोठा होता. आक्काने सगळ्याची उत्तरं दिली, आणि पेल्याच्या आकारावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी साहेब पुन्हा गालाला हात लावून म्हणाले, "मग माझ्या तीन दाढा?"

नवऱ्याने भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. भूगोलात याचं उत्तर नव्हतं.

"म्हणजे मी उगाचच..." साहेबांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. तीन पिढ्यांना पुरेल अशी गोष्ट त्यांच्या हातातून चालली होती, आणि ते ती जाताना बघत होते.

सून त्यांच्या समोर स्टूल ओढून बसली, दवाखान्यात बसते तशी. "बाबा, दुखलं ते खरं दुखलं. ओरडला नाहीत तेही खरं, आक्का साक्षीला आहेत. नऊ वर्षांचं पोर इतकं सोसतं, हे मी रोज दात काढते तरी बघितलेलं नाही. ती गोष्ट तुमचीच आहे. फक्त आता चौथ्यांदा करायचं कारण नाही."

मग साहेबांनी कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. "पकडीची मला भीती नाही. सुईची आहे. मलाही थेंब दिसला होता, दारातून."

"मग आपण सुई बघायचीच नाही. खिडकी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोटभर मऊ भात खाऊन, साहेब जिना चढले. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने आक्का. आत गेल्यावर सुनेने त्यांना आधी काट्यावर उभं केलं. औषध जास्तीत जास्त किती द्यायचं हे वजनावर ठरतं, म्हणाली.

साहेबांनी काट्याकडे बघितलं आणि उतरले. "हा काटा अर्धा किलो जास्त दाखवतो."

"कशावरून?"

"नोकरीवरून."

तिने वाद घातला नाही. अर्धा किलो कमी धरला. रक्तदाब बघितला, गोळ्या विचारल्या, खुर्ची मागे झुकवली. आक्का डाव्या बाजूला स्टुलावर बसली आणि तिने हात पुढे केला, या खेपेला आख्खा.

"आधी कातडीखाली थेंबभर," सून म्हणाली. "इस्पितळातल्या माझ्या सरांना विचारलं आहे. तुम्हाला स्वतःला कधी काही झालेलं नाही, तेव्हा इथे चालेल म्हणाले. काही झालंच तर लागणारी औषधं ही इथे, हाताशी ठेवली आहेत. आता टोचते."

थेंबाने काही झालं नाही. वाट बघितली, तरी झालं नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर किंचित निराशा दिसली असं आक्का नंतर सांगत असे.

मग हिरडीवर मलम. मग मिटलेली मूठ. "दाढेपाशी पू आहे. तिथलं मांस आंबट होतं, आणि त्या आंबटपणात हे औषध नीट लागू पडत नाही. म्हणून मी मागे टोचणार, जिथे नस हाडात शिरते तिथे. नस तिथे गप्प झाली की पुढे सगळं गप्प. छातीत जरा धडधडेल; औषधात एक घटक असतो, त्याने होतं. लगेच बसेल. चादरी बघा. आता टोचते."

साहेबांनी चादरी बघितल्या. औषध सावकाश, सावकाश आत गेलं.

"धडधड सुरू," साहेब कसेबसे म्हणाले.

"बरं."

"धडधड कमी."

"बरं."

"ओठ... जड. डावी बाजू. क्षेत्र वाढत आहे."

ती थांबली. आक्काने मिरचीच्या रोपाची तक्रार सांगितली. मग सुनेने टोकदार सळईने हिरडी तपासली. आतली बाजू बधीर. ओठ बधीर. गालाकडची बाजू, मागचा कोपरा. "इथे?"

"ठीक," साहेब म्हणाले. डावा हात वर गेला नाही.

तिने सळई खाली ठेवली. तिने त्यांच्या हाताकडे बघितलंच नव्हतं. ती त्यांच्या पायाकडे बघत होती. बुटाच्या आत अंगठा वळला होता आणि चामडं वर आलं होतं.

"बाबा, दुखलं."

"थोडं. चालेल."

"नाही चालणार. तुम्हाला दुखणं सोसायची सवय आहे, म्हणून तुमचा हात वर येत नाही. माझा धंदा त्या हातावर चालतो." आणि तिने दुसरी नळी मुठीत धरली. "अजून थोडं देता येतं, तुमच्या वजनाला. गालाकडची नस वेगळी आहे. आता टोचते."

पुन्हा थांबली. खालून घड्याळवाल्याने आवाज दिला, "झालं का, बाई?" आणि तिने वरून सांगितलं, "नाही." दुसऱ्या तपासणीत बूट हलला नाही. तिसऱ्यातही नाही. आता खुर्चीतल्या माणसाला गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच काही दुखत नव्हतं, आणि त्याचे डोळे मिटू लागले होते. आक्का घाबरून उठली. "गं, हा पडला!"

"पडले नाहीत. झोप लागते आहे त्यांना. बाबा, डोळे उघडा, पाच मिनिटं जागे राहा."

"दाबल्यासारखं वाटेल, दुखणार नाही. दुखलं तर हात," एवढं सांगून तिने काम सुरू केलं. कर्र असा आवाज झाला, जो साहेबांनी आयुष्यात तीनदा ऐकला होता, पण असा लांबून कधी नाही. हात आक्काच्या हातातच राहिला. आक्काने नंतर आपली बोटं तपासली. सगळी सरळ होती, जुनी करंगळी सोडून.

"सुरू कधी करणार?" साहेबांनी विचारलं.

तिने ट्रे पुढे केला.

बाहेरच्या खोलीत, दाताखाली कापूस धरून, साहेब बराच वेळ दाढेकडे बघत बसले. रक्त थांबल्यावर तिने कापूस काढला, बधिरपणा जाईपर्यंत काही खायचं नाही, गाल चावाल, चूळ भरायची नाही, असं बजावलं. साहेबांनी मान डोलावली. मग ते उठून उभे राहिले, शर्ट नीट केला, आणि बाकड्यावर बसलेल्या दोन अनोळखी रुग्णांना, आक्काला आणि पंख्याला उद्देशून अर्ध्या जड तोंडाने निवेदन केलं: सदर घराण्यास भुलीचे इंजेक्शन चालत नाही, ही पूर्वापार नोंद फेरतपासणीअंती रद्द करण्यात येत आहे, सुनेच्या कामाची रीत प्रत्यक्ष पाहिली असता प्रमाणित आढळली, तूर्त नव्हे, कायमची हरकत नाही, आणि खाली सही करणार पूर्ण शुद्धीवर असून त्याचे सर्व अवयव त्याच्या ताब्यात आहेत.

मग त्यांनी आक्काने पुढे केलेला पेला घेतला आणि घोटभर पाणी प्यायले. पाणी शर्टावर सांडलं.